ट्रान्सफॉर्मरचा सा

मैत्री साळवेचे अंतर्देशीय पत्र आले तेव्हा मी ते वाचले, चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि उत्तर लगेच द्यायचे म्हणून टेबलावर डोळ्यांसमोर ठेवले. डोळ्यांसमोर ठेवलेल्या पत्राचे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. आधी त्यावर वर्तमानपत्र आले, मग विजेचे बिल, मग चष्म्याची डबी. मी रोज ते खालून वर काढत असे आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा खाली जात असे.

पत्र लहान होते. 'आदरणीय सर, तुम्ही आमच्या क्लासमध्ये येऊन सगळ्यांचा सूर मोजता. दुर्गाबाई म्हणतात, माझा सा उतरतो. मला स्वतःला ते कळत नाही. बाबांच्या गायनपार्टीत मी लहानपणापासून गाते, तिथे असं कोणी म्हणालं नाही, पण ते घरचे लोक आहेत. ऑफिस सुटल्यावर क्लास आणि क्लास सुटल्यावर लोणी काळभोरची बस, अशी माझी धावपळ चालते. सूर खरंच उतरत असेल तर मी गाणं सोडते. नसेल तर या वेळी परीक्षेचा फॉर्म भरते. तुमच्याकडे आकडे आहेत. फक्त हो किंवा नाही एवढं कळवा.'

हो किंवा नाही! मी सारी नोकरी अभियांत्रिकी महाविद्यालयात मापनशास्त्र शिकवण्यात घालवली. काटा कुठे आहे हे सांगण्यापेक्षा तो किती इकडेतिकडे असू शकतो हे सांगणे महत्त्वाचे, हे मी मुलांच्या इतके डोक्यात भरवले की त्यांतल्या काहींना लग्नाच्या वेळी हो म्हणायला त्रास झाला असेल. मला स्वतःला झालाच होता. हेमाच्या वडिलांनी 'मुलगी पसंत आहे ना?' असे विचारले, तेव्हा मी 'साधारणपणे' असे उत्तर दिले होते. हेमा ते अजून विसरलेली नाही.

निवृत्तीनंतर एका छोट्या ट्रस्टने मला संशोधनासाठी थोडे अनुदान दिले. विषय मीच सुचवला होता: संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या स्वराचे मापन. अनुदान मंजूर झाल्याचे कळले तेव्हा त्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी अर्ज माझा समजून मंजूर केला असावा, अशी मला शंका आली. मी फोन करून विचारूनही घेतले. पलीकडच्या गृहस्थांनी 'तुम्हाला नको आहे का?' असे विचारल्यावर मी फोन ठेवला.

मग मी एक यंत्र तयार केले. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिला पुढे माइक, वर लाल आकडे, आत बॅटरी. कोणी गायले की सेकंदाला किती कंपने होतात तो आकडा दिसे. सूर चढला की आकडा वाढे, उतरला की कमी होई. मी त्याला 'स्वरमापक' म्हणत असे. क्लासमधल्या मुली 'सरांचा डबा' म्हणत.

दुर्गाबाईंचा क्लास सदाशिव पेठेत, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता. सकाळी एक बॅच आणि संध्याकाळी एक. सकाळच्या मुली पेठेतल्याच, पायी येणाऱ्या. त्यांच्यात वल्लरी नावाची मुलगी बाईंची विशेष लाडकी. संध्याकाळच्या मुली नोकरी करून, बस बदलत येणाऱ्या. बाई बाजाच्या पेटीला हात लावत नसत. 'पेटीवर सूर आयते मिळतात,' त्या म्हणत, 'आयतं खाणाऱ्याला स्वयंपाक येत नाही.' इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचे नाव काढले तर राग गिळायला त्या आत जाऊन पाणी पिऊन येत. पहाटे अंघोळ झाली की त्या आतल्या सुराने तानपुरा लावत आणि मग दिवसभर त्याच्या खुंटीला कोणी हात लावायचा नाही, असा नियम होता.

दुसरा नियम बसण्याचा होता. जी आधी येईल ती बाईंजवळ बसेल, उशिरा येईल ती खिडकीजवळ. मैत्री रोज सगळ्यात उशिरा येई. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि त्या वर्षी जगातली सगळी सॉफ्टवेअर मंडळी एकच काम करत होती: दोन आकडी सालाचे चार आकडी साल करणे. ते वेळेत झाले नाही तर एकतीस डिसेंबरला विमाने पडतील, असे वर्तमानपत्रांत येत होते. विमाने पडू नयेत म्हणून मैत्रीला क्लासला उशीर होई आणि ती खिडकीजवळ बसे.

माझ्या वहीत सकाळच्या बॅचचा सा दोनशे एकच्या आसपास होता. संध्याकाळच्या बॅचचा थोडा खाली. मैत्रीचा सगळ्यात खाली, एकशे शहाण्णव. म्हणजे तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते. ते 'हो' होते. ते लिहून पाठवले की एक मुलगी गाणे सोडणार होती. मी कधी कोणाला नापाससुद्धा नीट करू शकलो नाही. कृपागुण देता देता एकदा प्राचार्यांनी मला बोलावून घेतले होते.

तिला समोरासमोर सांगावे, तर क्लासमध्ये बाईंशिवाय कोणी बोलत नसे आणि क्लास सुटताच मैत्री बससाठी पळे. अर्थात ती पळाली नसती तर मी पळालो असतो.

एका संध्याकाळी मी क्लासला लवकर पोहोचलो. खोलीत कोणी नव्हते. बाई आत चहा करत होत्या. मी डबा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून सुरू केला आणि चष्मा शोधू लागलो. तो सापडला तेव्हा डब्यावर लाल आकडा स्थिर उभा होता: एकशे पंच्याण्णव.

खोलीत कोणी गात नव्हते.

माझा पहिला विचार असा की डबा बिघडला. दुसरा विचार असा की तो पहिल्यापासूनच बिघडलेला होता आणि माझे सगळे संशोधन रद्दीत गेले. हा विचार मला जरा सुखाचा वाटला, कारण मग मैत्रीला 'माहीत नाही' असे प्रामाणिकपणे कळवता आले असते. पण डबा कट्ट्यावरून उचलून खोलीच्या मधोमध नेला की आकडा गायब होई. परत खिडकीत नेला की येई. मी खिडकीतून बाहेर डोकावलो. खाली, इमारतीला चिकटून, विजेचा ट्रान्सफॉर्मर उभा होता. हं… असा त्याचा आवाज सुरू होता. पेठेतल्या लोकांना तो ऐकू येत नाही. स्वतःच्या घोरण्यासारखा तो फक्त परक्याला ऐकू येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लूना काढून पुन्हा गेलो आणि वर न जाता ट्रान्सफॉर्मरजवळच डबा धरून उभा राहिलो. आकडा: दोनशे एक. मी डबा बंद करून पुन्हा सुरू केला. आकडा तोच. सकाळी विजेवर भार कमी असतो, ट्रान्सफॉर्मर जरा वरच्या सुरात हुंकारतो. संध्याकाळी सगळीकडे दिवे, टीव्ही, पाण्याच्या मोटारी सुरू होतात, आणि तो खाली येतो.

"काय काका, रीडिंग का?" समोरच्या दुकानाच्या ओट्यावर बसलेले बद्रीनाथ किराणावाले म्हणाले.

"नाही, म्हणजे एक प्रकारे…"

"मग आमचं बिल बघून जा. दोन महिने झाले, डबल येतंय."

"मी वीज मंडळाचा माणूस नाही."

"तेच म्हणतो, त्यांचा माणूस असा उन्हात उभा राहत नाही." तेवढ्यात त्यांनी आत हाक मारली, "अगं, बिलं आण! मीटरवाले आलेत, पण कबूल करत नाहीत."

तीन बिऱ्हाडांची बिले माझ्या हातात आली. ती मी नाइलाजाने तपासली. एकात खरोखरच बेरीज चुकली होती. त्यानंतर त्या गल्लीत माझा मान वाढला आणि संशोधन अवघड झाले.

घरी येऊन मी हेमाला सगळे सांगितले. तानपुरा सकाळी लागतो, तेव्हा तो आणि ट्रान्सफॉर्मर एका सुरात असतात. संध्याकाळी तानपुरा तिथेच राहतो आणि ट्रान्सफॉर्मर उतरतो. खिडकीजवळ बसलेल्या मुलीच्या एका कानात तानपुरा, दुसऱ्या कानात ट्रान्सफॉर्मर. बिचारी ट्रान्सफॉर्मरकडे ओढली जाते.

हेमा म्हणाली, "मग कळवा तिला."

"पण हे अनुमान आहे. सिद्ध झालेलं नाही."

"अहो, ती गाणं सोडायला निघाली आहे. सिद्ध होईपर्यंत तिला नातवंडं होतील."

"निदान आधी बाईंशी बोलतो."

"बोला. मी डॉक्टरांचा नंबर काढून ठेवते."

मी बाईंकडे गेलो. बाई पान लावत होत्या.

"बाई, एक विचारू का?"

"विचारा. उत्तर मिळेलच असं नाही."

"मैत्रीला खिडकीपासून जरा आत बसवता येईल का?"

"तिला वारं लागतं का?"

"नाही. ट्रान्सफॉर्मर लागतो." मग मी सगळे समजावले. समजावताना मी कागदावर आकृती काढली, ती त्यांनी उलटी धरून पाहिली.

"म्हणजे सर, तुमचं म्हणणं असं की माझ्या क्लासमध्ये दोन गुरू आहेत. एक मी आणि एक तो खालचा."

"तसं नाही…"

"आणि पोरी त्याचं ऐकतात."

"संध्याकाळच्या. खिडकीजवळच्या."

बाईंनी पान तोंडात टाकले. "सर, जिला तानपुऱ्यापेक्षा ट्रान्सफॉर्मर जास्त ऐकू येतो, तिनं गाणं शिकू नये. वायरमन व्हावं. जागेचं म्हणाल, तर वल्लरीची आई इथे पुढची जागा मागायला आली होती, तिलाही मी नाही म्हणाले. लवकर या, पुढे बसा. हा नियम माझ्या गुरूंचा आहे."

यात तथ्य नव्हते असे नाही. खरा गवय्या कोणत्याही गलबल्यात आपला सा धरून ठेवतो. पण मग सकाळच्या मुलींची परीक्षा कधी झालीच नव्हती. सकाळी ओढणारा ट्रान्सफॉर्मर आणि धरायचा तानपुरा दोघे एकाच जागी उभे होते. आणि तो तानपुरा सकाळी बरोबर दोनशे एकवरच कसा लागे, बाईंचा आतला सूर आणि खालचा सूर रोज कसे जुळत, हा प्रश्न माझ्या मनात आला. तो मी तिथेच दाबून टाकला. माझ्या अंगात संशोधकाचे कुतूहल आहे, पण शौर्य नाही.

परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत जवळ येत होती. फॉर्मवर गुरूची सही लागत नसे. पण बाई सूर उतरतो म्हणत असताना तो भरायचा, तर मुलीला स्वतःबद्दल काहीतरी खात्री हवी. ती खात्री मैत्रीने माझ्याकडे मागितली होती. ज्याच्याकडे ती वस्तू कधीच नव्हती, त्याच्याकडे.

मग एका संध्याकाळी, क्लास चालू असताना, लाइट गेली.

बाईंचा तिसरा नियम असा की लाइट गेली तरी गाणे थांबायचे नाही. 'वीज जाते, सूर जात नाही,' असे त्या म्हणत. एकेकीची पाळी चालू होती. अंधार झाला आणि त्याबरोबर आणखी काहीतरी झाले. खोली मोठी झाल्यासारखी वाटली. खालचा हुंकार थांबला होता. तानपुरा एकटाच राहिला होता, आणि तो इतका भरून वाजतो हे मला माहीतच नव्हते.

त्या अंधारात एका मुलीने सा लावला. मी संगीतातला जाणकार नाही. माझा कान पाहुण्यासारखा आहे, दारातच उभा राहतो. पण तो सा लागला आणि तानपुऱ्यात असा मिसळला की क्षणभर कोणता आवाज तारांचा आणि कोणता गळ्याचा हे सांगता येईना. डब्यावर लाल आकडा उभा होता: दोनशे एक. हलत नव्हता.

बाईंनी तानपुऱ्याची दोन आवर्तने तशीच छेडली. मग म्हणाल्या, "वल्लरी, तू संध्याकाळची कशी काय आलीस?"

कोणी उत्तर देईना.

"अगं, बोल की. मूग गिळलेस का?"

"बाई, मी मैत्री," खिडकीजवळून आवाज आला.

कोणीतरी हसले. बाईंचा तानपुरा थांबला, पुन्हा सुरू झाला. "पुढे गा," त्या म्हणाल्या.

ती पुढे गायली. अर्ध्यावरच लाइट आली, खाली हं… सुरू झाला, आणि तिचा आवाज हळूहळू, कोणीतरी बोट धरून नेल्यासारखा, खाली सरकला. डब्यावरचे आकडे उतरत गेले ते मी पाहिले. बाईंनीही पाहिले की नाही, सांगता येत नाही. पण त्या एकदा खिडकीकडे रागाने बघून म्हणाल्या, "मेला अंमळ उशिरा आला असता तर काय झालं असतं?" मग मैत्रीकडे वळून, "अंधारात बरी गातेस. परीक्षा उजेडात असते. फॉर्म भरायचा तर भर, मी काही अडवलेलं नाही. उतरलीस तर मात्र कोणाकडे शिकतेस ते सांगू नकोस."

क्लास सुटल्यावर मी नेहमीप्रमाणे सगळ्या गेल्यावर निघालो. जिन्यात मैत्री उभी होती.

"सर, माझं लेटर मिळालं का?"

"मिळालं."

"मग?"

"आजचं निरीक्षण फार चांगलं होतं," मी म्हणालो. "पण ते एकच आहे. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही. आणखी दोनतीनदा लाइट गेली, तर…"

"सर, आमच्याकडे पण टेस्टिंग असतं," ती म्हणाली. "खूप असतं. पण रिलीज डेट पण असते ना."

मी डब्याचा पट्टा नीट करू लागलो.

"सोमवारी फॉर्मची लास्ट डेट आहे. शनिवारपर्यंत तुमचं काही आलं नाही, तर मी समजून घेईन. रागवणार नाही, सर. खरंच. माझ्या टीममधल्या मुली तरी म्हणतील, चला, क्लासची घाई सुटली, आता ही वेळेवर डबा खाईल." ती हसली, घड्याळ बघितले आणि "बस!" म्हणून पळाली.

म्हणजे मी गप्प राहिलो तरी ते उत्तर होणार होते. हे मला नवीन होते. आयुष्यभर मी समजत आलो होतो की गप्प बसणे म्हणजे मत न देणे.

घरी येईपर्यंत तो आकडा दोनशे एकच होता, की दोनशे एक असावा असे मला वाटत होते, याबद्दल मला शंका येऊ लागली. अंधारात वहीत लिहिता आले नव्हते. मी आणखी निरीक्षणे मिळावीत म्हणून पुढचे दिवस लाइट जाण्याची वाट पाहिली. त्या आठवड्यात कोथरूडला आमच्या सोसायटीत रोज लाइट गेली. एकदा तर लिफ्टमध्ये मी अडकलो. सदाशिव पेठेत एकदाही गेली नाही. बद्रीनाथ म्हणाले, "काका, तुमच्यामुळे आमच्याकडे सगळं सुरळीत झालंय."

शुक्रवारी सकाळी मी उत्तर लिहायला बसलो. दुपारी ते पूर्ण झाले. हेमाने ते उभ्याउभ्या वाचले. "'उपलब्ध निरीक्षणांच्या मर्यादेत, परिस्थितिजन्य कारणे वगळल्यास, स्वराचे विचलन नगण्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' अहो, हे उत्तर आहे की हवामानाचा अंदाज?"

"यात एकही चूक नाही."

"चूक नाही हो. पोरीनं फॉर्म भरायचा की छत्री घ्यायची, तेवढंच कळत नाही."

"आणि मी फॉर्म भर म्हटलं आणि ती नापास झाली तर?"

"तर ती नापास होईल. पुढच्या वर्षी परत बसेल. तुम्ही काय, तिच्या जागी गाणार आहात?" ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "तुम्हाला स्वतःला काय वाटलं ते ऐकून? डब्याला नाही, तुम्हाला?"

मला कधी कोणी असे विचारले नव्हते. संशोधनात तो रकाना नसतो. मी लिहिलेले उत्तर घडी करून बाजूला ठेवले. डबा समोर होता, बंद. मग कोरे अंतर्देशीय घेतले आणि लिहिले:

'चि. मैत्री, नाही. तुझा सूर उतरत नाही. उतरतो तो खालचा ट्रान्सफॉर्मर, आणि तू त्याच्या शेजारी बसतेस. लाइट गेली तेव्हा तू लावलेला सा मी ऐकला. मी तुला हे आकड्यावरून सांगत नाही. फॉर्म भर. परीक्षेच्या हॉलमध्ये गेल्यावर आधी खिडकीबाहेर काय आहे ते बघून घे.'

'सुमारे' हा शब्द तीनदा पेनाच्या टोकापर्यंत आला. तिन्ही वेळा परत पाठवला.

शनिवारी लोणीला पोहोचायचे तर पत्र दुपारच्या टपालात जायला हवे होते. मी पोस्टाच्या पेटीपाशी गेलो. पत्र आत सरकवले, पण एक कोपरा बोटांत धरून ठेवला. तेवढ्यात पेटी उघडायला पोस्टाचा माणूस आला. तो किल्ली हातात घेऊन उभा राहिला.

"काका, टाका नाहीतर काढा. मला पुढच्या पेट्या आहेत."

"एकदा टाकलं की परत मिळतं का?" मी विचारले.

"नाही मिळत. पोस्टाची मालमत्ता होते."

"नक्की?"

"एकदम नक्की."

"मग बरं आहे," मी म्हणालो आणि बोटे सोडली.